बसवलेल्या मूत्रपिंडातले पाणी

प्रत्यारोपणाच्या शस्त्रक्रियेत दात्याचे मूत्रपिंड रुग्णाच्या पाठीत, म्हणजे निसर्गाने मूत्रपिंडांना नेमून दिलेल्या जागी, बसवले जात नाही. ते ओटीपोटात, बहुधा उजव्या अंगाला, कमरेच्या हाडाच्या खोलगट भागात ठेवले जाते, त्याची रोहिणी पायाकडे जाणाऱ्या मोठ्या रोहिणीला आणि नीला तिथल्याच नीलेला शिवली जाते आणि मूत्रवाहिनी मूत्राशयात रोवली जाते. रुग्णाची मूळची दोन मूत्रपिंडे, ती संसर्गाचे घर झाली नसतील किंवा अवाढव्य सुजली नसतील तर, काढण्याच्या भानगडीत सहसा कोणी पडत नाही. त्यामुळे अशा माणसाच्या पोटात तीन मूत्रपिंडे असतात आणि त्यांतले काम करणारे एकच असते. ही जागा शल्यचिकित्सकाच्या सोयीची म्हणून निवडली गेली, कारण तिथल्या रक्तवाहिन्या मोठ्या आणि हाताशी असतात व मूत्राशय शेजारीच असते. पण या सोयीचा एक फायदा असा निघाला, की हे मूत्रपिंड त्वचेच्या बरेच जवळ असते आणि श्वासाबरोबर फारसे वरखाली होत नाही, म्हणून त्याची प्रतिमा काढणे मूळच्या मूत्रपिंडांपेक्षा सोपे जाते.

शस्त्रक्रिया यशस्वी झाली, लघवी सुरू झाली, रुग्ण घरी आला, तरी ‘किडनी काम करते ना’ हा प्रश्न त्या घरातून कधीच जात नाही, आणि त्याचे उत्तर बहुतेक वेळा एका आकड्यात शोधले जाते. तो आकडा रक्तातील क्रिएटिनिनचा असतो. स्नायूंमध्ये ऊर्जा हाताशी ठेवण्याच्या कामी येणाऱ्या क्रिएटिन या पदार्थाच्या विघटनातून क्रिएटिनिन सतत तयार होत असते आणि मूत्रपिंडे ते गाळून बाहेर टाकतात, म्हणून गाळण मंदावली की रक्तातील त्याचे प्रमाण चढते. (बोलण्यात पुष्कळ जण त्याला ‘क्रिएटिन’ असेच म्हणतात; ‘क्रिएटिन वाढलं’ हे वाक्य रसायनशास्त्राच्या दृष्टीने चुकीचे असले तरी त्याचा अर्थ चुकत नाही.) चाचणी स्वस्त आहे, कुठेही होते आणि तिच्यावर जगभरातील प्रत्यारोपण-केंद्रे विसंबून असतात, मात्र तिची खोड अशी, की ती उशिरा बोलते. मूत्रपिंडातील काही गाळण्या निकामी झाल्या तरी उरलेल्या गाळण्या जास्तीचा भार उचलतात आणि आकडा जागच्या जागी राहतो. डायलिसिसवर वर्षे काढून स्नायू झिजलेल्या माणसात तर मुळातच क्रिएटिनिन कमी तयार होते, त्यामुळे ‘नॉर्मल’ दिसणारा अहवाल फसवा असू शकतो. उलट मटणाचे भरपेट जेवण किंवा ट्रायमेथोप्रिमसारखे एखादे औषध मूत्रपिंडाला धक्का न लावताही तो आकडा वर नेऊ शकते.

नाशिक जिल्ह्याच्या पूर्वेकडे, मुंबई-भुसावळ लोहमार्गावर मनमाड आणि चाळीसगाव यांच्या दरम्यान असलेल्या नांदगावसारख्या तालुक्याच्या गावी या एका आकड्याला एवढे वजन का यावे, हे समजण्यासारखे आहे. रक्ताचा नमुना गावातच देता येतो आणि अहवाल मोबाइलवर येतो. त्यापुढच्या कोणत्याही तपासणीसाठी मात्र सुमारे १०० किलोमीटरवरचे नाशिक किंवा त्याहून दूरचे मुंबई-पुणे गाठावे लागते, आणि प्रत्यारोपणानंतरची ही ये-जा एकदोन वर्षांची नसून बसवलेले मूत्रपिंड टिकेल तोवरची असते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत मूत्रपिंड प्रत्यारोपणासाठीची मर्यादा २०२३ मध्ये अडीच लाखांवरून साडेचार लाख रुपयांवर नेण्यात आली. तथापि शस्त्रक्रियेचा खर्च हा एकदाचा असतो आणि त्यानंतरच्या औषधांचा, तपासण्यांचा व प्रवासाचा खर्च आयुष्यभराचा असतो.

मूत्रपिंड प्रत्यारोपणाचा पहिला दीर्घकाळ टिकलेला प्रयोग २३ डिसेंबर १९५४ रोजी बॉस्टन येथे जोसेफ मरे यांनी एकसारख्या जुळ्या भावांवर केला. भारतात पहिला प्रयत्न मुंबईच्या केईएम रुग्णालयात १९६५ मध्ये झाला आणि पहिले यशस्वी प्रत्यारोपण १९७१ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात पार पडले. अवयवांच्या विक्रीला आळा घालणारा मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा १९९४ मध्ये संमत झाला तेव्हा तो प्रथम लागू झालेल्या राज्यांत महाराष्ट्र, गोवा आणि हिमाचल प्रदेश होते. मेंदूमृत व्यक्तीच्या अवयवदानाची व्यवस्था त्यानंतर उभी राहिली असली तरी आपल्याकडे आजही बहुतेक मूत्रपिंडे जिवंत नातलगांकडून येतात, आणि देणाऱ्यांमध्ये आई व पत्नी यांचे प्रमाण मोठे असते. घरातल्याच एखाद्या बाईने पोटावर वार झेलून दिलेला अवयव आत कसा आहे, हे जाणण्याची धडपड त्यामुळे केवळ वैद्यकीय राहत नाही.

नव्या मूत्रपिंडाचे काम बिघडण्याची कारणे अनेक आहेत आणि त्यांतली काही परस्परविरोधी उपचार मागणारी आहेत, ही या विषयातली खरी अडचण आहे. शरीराच्या प्रतिकारशक्तीने परका अवयव ओळखून त्याच्यावर हल्ला चढवला, म्हणजेच नाकारणी किंवा ‘रिजेक्शन’ सुरू झाले, तर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे वाढवावी लागतात. पण त्याच औषधांपैकी टॅक्रोलिमसची मात्रा जास्त झाली तर ते स्वतःच मूत्रपिंडातील बारीक रोहिण्या आवळून इजा करते आणि तेव्हा ती मात्रा घटवावी लागते. बीके नावाच्या विषाणूने मूत्रपिंडात घर केले असेल तरीही औषधे कमीच करावी लागतात. दात्याच्या शरीराबाहेर बर्फात काढलेल्या तासांमुळे मूत्रपिंडातील सूक्ष्म नलिकांच्या पेशी मरगळल्या असतील तर थोडी वाट पाहणे हाच उपचार ठरतो. या सर्व प्रसंगी क्रिएटिनिन चढलेलेच असते, म्हणून आकडा चढला एवढ्यावरून औषध वाढवायचे की कमी करायचे हे ठरवता येत नाही.

अशा वेळी बायोप्सी करतात. सोनोग्राफीच्या मदतीने पोटावरून सुई घालून मूत्रपिंडाचा एक बारीक तुकडा काढला जातो, तो रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला जातो, आणि १९९१ साली कॅनडातील बांफ या डोंगराळ गावी भरलेल्या बैठकीतून आकाराला आलेल्या वर्गीकरणानुसार त्यातील इजेला श्रेणी दिली जाते. निदानाचा अंतिम शब्द आजही या तुकड्याचाच आहे. परंतु तो तुकडा केवढा असतो याचा हिशेब मांडून पाहण्याजोगा आहे: सुमारे एक मिलिमीटर जाडीचा आणि १५ मिलिमीटर लांबीचा हा धागा घनफळाने जेमतेम १२ घन मिलिमीटर भरतो, आणि मूत्रपिंडाचे घनफळ १८० मिलिलिटर धरले तर तो संपूर्ण अवयवाचा पंधरा हजारावा भाग ठरतो. इजा सर्वत्र सारखी पसरलेली असेल तर एवढा नमुना पुरतो, भाताचे एक शीत दाबून पाहण्यासारखेच ते आहे. पण नाकारणी आणि तंतुमयता, म्हणजे ऊतीत भरत जाणारा वण, या दोन्ही गोष्टी मूत्रपिंडात ठिपक्याठिपक्यांनी उमटतात, त्यामुळे सुई दोन बोटे अलीकडे गेली असती तर अहवाल वेगळा आला असता, ही शक्यता राहतेच. शिवाय रक्तस्रावाचा धोका लहान असला तरी असतो, म्हणून बायोप्सी दर महिन्याला करता येत नाही. उशिरा बोलणारा आकडा आणि थोडेच दाखवणारी सुई यांच्या मधली जी मोकळी जागा आहे, तिथे चुंबकीय अनुनाद प्रतिमांकन, म्हणजे सर्वांच्या ओळखीचा एमआरआय, बसू पाहतो आहे.

एमआरआय यंत्र शरीरात प्रामुख्याने पाणी पाहते. पाण्याच्या प्रत्येक रेणूत हायड्रोजनचे दोन अणू असतात आणि हायड्रोजनचे केंद्रक, म्हणजे एकटा प्रोटॉन, स्वतःभोवती फिरणाऱ्या चिमुकल्या चुंबकासारखा वागतो. रुग्णालयातील सर्वसाधारण यंत्राचे चुंबकक्षेत्र १.५ टेस्ला असते, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राच्या सुमारे ३०,००० पट. त्यात शिरल्यावर हे प्रोटॉन क्षेत्राच्या दिशेभोवती सेकंदाला सुमारे ६.४ कोटी वेळा डोलू लागतात, नेमक्या त्याच वारंवारतेची रेडिओ लहर सोडली की ते ती शोषून कलतात, आणि लहर थांबताच पुन्हा सावरताना स्वतः एक क्षीण संकेत बाहेर टाकतात. पाणी मोकळे आहे की प्रथिनांना चिकटून आहे, वाहते आहे की साचले आहे, त्याच्या आसपास लोहासारखे काही चुंबकीय द्रव्य आहे की नाही, यावर तो संकेत किती रेंगाळेल हे अवलंबून असते. मूत्रपिंड हा तर पाण्याचाच अवयव आहे. दिवसाला (दोन्ही मूत्रपिंडे मिळून) सुमारे १८० लिटर द्रव गाळून त्यातला दीडदोन लिटर सोडून बाकी सगळा परत घेणे, हा त्याचा व्यवसाय आहे. पाणी मोजणाऱ्या यंत्राला पाणी हाताळणारा अवयव मिळाला, ही जोडी जमण्यासारखीच होती.

या शास्त्राच्या मुळाशी मुंबईशी नाते सांगणारे एक नाव आहे. केंद्रकीय चुंबकीय अनुनादाचा शोध फेलिक्स ब्लॉख आणि एडवर्ड पर्सेल यांनी १९४६ मध्ये स्वतंत्रपणे लावला, आणि ब्लॉख यांच्या स्टॅनफर्ड येथील प्रयोगशाळेत काम करणाऱ्या एस. एस. धर्मट्टी यांनी दोन सहकाऱ्यांसह १९५१ मध्ये दाखवून दिले, की एकाच अल्कोहोलच्या रेणूतील वेगवेगळ्या जागचे हायड्रोजन वेगवेगळे संकेत देतात. तेच धर्मट्टी पुढे होमी भाभांच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले आणि त्यांनी तिथे या विषयाचा गट उभा केला. या अनुनादापासून चित्र काढण्याची कल्पना १९७३ मध्ये पॉल लॉटरबर यांनी मांडली, इंग्लंडमधील नॉटिंगहॅम येथे पीटर मॅन्सफील्ड यांनी ती वेगवान केली, आणि २००३ चे नोबेल पारितोषिक या दोघांना मिळाले.

नेहमीचा एमआरआय मूत्रपिंडाचा आकार, मूत्रवाहिनीतला अडथळा, शेजारी साठलेला लसिकाद्रव किंवा रोहिणीच्या जोडावर पडलेली आकुंचनाची गाठ दाखवतो. यातले बरेचसे काम सोनोग्राफी आणि डॉप्लर कमी खर्चात करतात, म्हणून त्यावर इथे अडून राहण्याचे कारण नाही. नावीन्य आहे ते कार्यात्मक एमआरआयमध्ये, ज्यात चित्रातील प्रत्येक ठिपक्याला एक मोजमाप चिकटलेले असते आणि मूत्रपिंड कसे दिसते यापेक्षा ते काय करते आहे हे वाचले जाते.

त्यातले पहिले मोजमाप विसरणाचे आहे. पाण्याचे रेणू उष्णतेमुळे सतत इतस्ततः धडपडत असतात, आणि यंत्र त्यांना ज्या अल्पशा अवधीत पाहते, म्हणजे सेकंदाच्या विसाव्या भागात, ते फार तर विसेक मायक्रोमीटर सरकतात (एक मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). हे अंतर मूत्रपिंडातील सूक्ष्म नलिकेच्या व्यासाशी तुलना होण्याएवढे आहे, म्हणूनच नलिका, केशवाहिन्या आणि त्यांच्या मधली जागा मोकळी आहे की दाटली आहे याचा सुगावा पाण्याच्या या धडपडीतून लागतो. चुंबकक्षेत्राला क्षणभर एका बाजूने चढ देऊन मग तेवढाच उलटा चढ दिला, तर जागेवर राहिलेल्या पाण्याचा संकेत शाबूत राहतो आणि सरकलेल्या पाण्याचा मावळतो. किती मावळला यावरून आभासी विसरणांक काढता येतो. ‘आभासी’ म्हणण्याचे कारण असे, की त्यात केवळ विसरण नसून केशवाहिन्यांतून वाहणारे रक्त आणि नलिकांतून सरकणारे मूत्रही मिसळलेले असते. ही सरमिसळ वेगळी करण्याची रीत फ्रान्समधील द्नी ल बिआँ यांनी १९८६ मध्ये मांडली.

बसवलेल्या मूत्रपिंडाचा खरा दीर्घकालीन शत्रू तंतुमयता हा आहे. वारंवारच्या लहानमोठ्या इजांनंतर नलिकांच्या मधल्या जागेत कोलॅजेनचे धागे भरत जातात, नलिका आक्रसतात, केशवाहिन्या विरळ होतात, आणि जिथे पाणी सहज हिंडत होते तिथे वण उरतो. हा वण औषधाने मागे फिरत नाही, म्हणून तो लवकर दिसणे मोलाचे असते. निरोगी मूत्रपिंडात बाहेरच्या थराचा, म्हणजे बाह्यकाचा, विसरणांक आतल्या मध्यकापेक्षा जास्त असतो. तंतुमयता वाढली की बाह्यकाचा अंक घसरतो आणि दोहोंतला फरक कमी होत होत कधी उलटाही होतो. जिनिव्हा येथील संशोधकांनी या फरकाची सांगड बायोप्सीतील तंतुमयतेशी घातली, आणि त्यांच्या रुग्णांत प्रत्यारोपण झालेल्यांचा मोठा वाटा होता. दोन थरांची एकमेकांशी तुलना करण्याची ही युक्ती साधी वाटली तरी चतुर आहे, कारण यंत्रायंत्रांमध्ये निरपेक्ष आकडा बदलत असला तरी एकाच चित्रातील दोन जागांमधला फरक बराचसा टिकून राहतो. तथापि सूज, पेशींची गर्दी आणि मंदावलेला रक्तपुरवठा यांमुळेही विसरणांक घटतो. कमी विसरणांक म्हणजे तंतुमयताच, असे समीकरण मांडता येत नाही.

दुसरे मोजमाप प्राणवायूचे आहे, आणि त्यातला विरोधाभास या साऱ्या विषयातला सर्वांत मनोरंजक भाग म्हणावा लागेल. हृदयातून बाहेर पडणाऱ्या रक्ताचा सुमारे पाचवा हिस्सा मूत्रपिंडांना मिळतो, तरीही त्यांचा आतला भाग, मध्यक, प्राणवायूच्या टंचाईत दिवस काढतो: बाह्यकात प्राणवायूचा दाब ५० मिलिमीटर पाऱ्याच्या आसपास असतो, तर मध्यकात तो १० ते २० पर्यंत उतरतो. नांदगाव तालुक्याला हे चित्र परके वाटू नये. गिरणा धरण याच तालुक्यात पांझण येथे बांधलेले आहे, पण त्याच्या सिंचनाचा मोठा लाभ जळगाव जिल्ह्याला होतो. मूत्रपिंडाकडे येणारे रक्तही मुख्यतः गाळले जाण्यासाठी आलेले असते, अवयवाच्या आतल्या भागाची तहान भागवण्यासाठी नव्हे. मध्यकात खाली उतरणाऱ्या आणि वर चढणाऱ्या रक्तवाहिन्या एकमेकींना खेटून असल्यामुळे प्राणवायू खालपर्यंत पोहोचण्याआधीच एकीतून दुसरीत पाझरून माघारी जातो, आणि त्यातच मूत्र घट्ट करण्यासाठी मीठ उपसण्याचे सर्वांत कष्टाचे काम याच भागातील नलिकांना करावे लागते.

ही टंचाई सुई न टोचता पाहता येते ती हिमोग्लोबिनमुळे. प्राणवायू सोडून दिलेले हिमोग्लोबिन चुंबकाकडे ओढले जाते आणि प्राणवायू धरून असलेले ओढले जात नाही, हे लायनस पॉलिंग आणि चार्ल्स कॉर्येल यांनी १९३६ मध्ये दाखवले होते. या गुणाचा उपयोग प्रतिमांकनासाठी करता येतो हे सेइजी ओगावा यांनी १९९० मध्ये मेंदूच्या बाबतीत सिद्ध केले, आणि पोट्टुमर्ती प्रसाद व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये हीच रीत माणसाच्या मूत्रपिंडाला लावली. जिथे प्राणवायूविना हिमोग्लोबिन जास्त, तिथे आसपासच्या पाण्याचा संकेत लवकर विझतो आणि चित्रात तो भाग गडद उमटतो. मूत्र वाढवणारे फ्युरोसेमाइड हे औषध शिरेतून दिले की मीठ उपसणारे पंप बंद पडतात, प्राणवायूचा खप घटतो, आणि काही मिनिटांत मध्यकाचा गडदपणा ओसरतो. राबणारा अवयव हात थांबवून श्वास घेतो, ते चित्रात डोळ्यांनी दिसते.

आता नाकारणीच्या वेळी काय दिसावे? हल्ला चढलेल्या, सुजलेल्या अवयवात प्राणवायू कमी झालेला आढळेल, अशी कोणाचीही अटकळ असेल. पण अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठातील संशोधकांनी २००५ मध्ये जे नोंदवले ते याच्या उलट होते: तीव्र नाकारणी चालू असलेल्या मूत्रपिंडांचा मध्यक नीट चालणाऱ्या मूत्रपिंडांपेक्षा प्राणवायूने अधिक भरलेला दिसला. याचा लावला जाणारा अर्थ असा, की नलिकांनी काम टाकून दिल्यामुळे प्राणवायू खर्चच होत नव्हता. बंद पडलेल्या गिरणीत कोळसा शिल्लक राहावा तसा तो शिल्लक राहिला होता. नंतरच्या सर्वच अभ्यासांत हा फरक इतका ठळक आढळला नाही, आणि ते स्वाभाविक आहे, कारण प्राणवायूची पातळी ही पुरवठा आणि खप यांची वजाबाकी असते आणि वजाबाकीचे उत्तर एकच असले तरी वरच्या दोन संख्या अनेक असू शकतात.

म्हणून पुरवठा वेगळा मोजावा लागतो. त्यासाठी १९९२ च्या सुमारास पुढे आलेली एक रीत रक्तातल्या पाण्यालाच खूण करते. महारोहिणीतून खाली येणाऱ्या रक्तातील प्रोटॉनांची दिशा रेडिओ लहरीने उलटी केली जाते, ते रक्त मूत्रपिंडात पोहोचेपर्यंत सेकंदभर थांबून चित्र घेतले जाते, मग खूण न करता दुसरे चित्र घेतले जाते, आणि एकातून दुसरे वजा केले की उरते ते फक्त नव्याने आलेले रक्त. हा उरलेला संकेत मूळच्या काही टक्केच असल्याने अशा अनेक जोड्या घेऊन सरासरी काढावी लागते. पण कोणतेही द्रव्य टोचावे लागत नाही. निरोगी बाह्यकात दर १०० ग्रॅम ऊतीमागे मिनिटाला २०० मिलिलिटरहून अधिक रक्त फिरते, मेंदूच्या कितीतरी पट. बिघडलेल्या प्रत्यारोपित मूत्रपिंडात हा प्रवाह घटलेला दिसतो आणि रक्तपुरवठ्याअभावी काळे पडलेले पट्टेही नजरेस येतात. याशिवाय पाण्याचे प्रोटॉन सावरायला लागणारा वेळ ठिपक्याठिपक्याला मोजण्याची रीत आहे, ज्यात सूज आणि वण या दोहोंनी बाह्यक-मध्यकाची सीमा पुसट होते, आणि मूत्रपिंडात हलकी कंपने सोडून त्याचा ताठरपणा अजमावण्याचीही आहे. या दुसरीवर रक्तदाबाचा इतका परिणाम होतो, की तिच्याकडून फार अपेक्षा ठेवू नये हे बरे.

कोणतेही द्रव्य न टोचण्यावर एवढा भर का, याला इतिहास आहे. चित्र उठावदार करण्यासाठी गॅडोलिनियम या धातूची संयुगे शिरेतून दिली जातात आणि ती मूत्रपिंडावाटेच बाहेर पडतात, त्यामुळे ती किती वेगाने गाळली जातात यावरून मूत्रपिंडाचे काम मोजणे ही फार सरळ वाट होती. परंतु मूत्रपिंडे निकामी असलेल्या काही रुग्णांची त्वचा जाड व लाकडासारखी कडक होऊन सांधे आखडू लागले, हा विकार १९९७ पासून दिसू लागला, आणि त्याचा संबंध गॅडोलिनियमशी आहे हे २००६ मध्ये उघड झाले. जुनी, सैल बांधणीची संयुगे त्यानंतर मागे पडली व नव्या संयुगांचा धोका अत्यल्प मानला जातो. पण ज्याचे मूत्रपिंड तपासायचे तेच अशक्त असण्याची शक्यता असताना, पाण्यावरच भागत असेल तर बाहेरचे द्रव्य नको, ही सावधगिरी रुजली ती रुजलीच.

पाण्यावर भागवण्याची किंमत मात्र द्यावी लागते, आणि नांदगावच्या रुग्णाच्या दृष्टीने ती नीट समजून घेण्यासारखी आहे. भरपूर पाणी प्यायल्यावर तरुण माणसाच्या मध्यकातील प्राणवायू वाढतो आणि वयस्कर माणसात तो तसा वाढत नाही, हे प्रसाद यांच्याच गटाने दाखवले होते. मीठ किती खाल्ले, लघवीची गोळी घेतली की नाही, शरीर कोरडे पडले आहे का, यांवर विसरण, प्राणवायू आणि रक्तप्रवाह हे तिन्ही आकडे हलतात. पर्जन्यछायेतील या तालुक्यात मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो. भल्या सकाळी घर सोडून, वाटेत लघवीला जागा मिळणार नाही म्हणून पाणी बेताने पिऊन, दुपारी यंत्रावर झोपलेल्या माणसाचे मूत्रपिंड आणि त्याच माणसाचे श्रावणातले मूत्रपिंड यांच्या चित्रांत जो फरक पडेल, तो आजाराचा आहे की तहानेचा, हे वेगळे करणे सोपे नाही. शस्त्रक्रियेच्या वेळी राहिलेल्या धातूच्या बारीक चिमट्या आणि शेजारच्या आतड्यातील वायू यांमुळे चित्रात काळी भोके पडतात, ती वेगळीच.

या गोंधळावर उपाय म्हणून २०१७ ते २०२१ या काळात युरोपातील संशोधकांनी ‘पॅरेन्किमा’ या नावाच्या सहकार्यातून मूत्रपिंडाच्या एमआरआयचे एकमताचे नियम तयार केले, आणि मॅन्सफील्ड यांच्या नॉटिंगहॅममध्ये त्याच धर्तीचे काम चालू आहे: तपासणीपूर्वी किती वेळ उपाशी राहावे, पाणी किती प्यावे, कोणती औषधे थांबवावीत, चित्राचा कोणता भाग मोजावा, अशा वरवर क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टी त्यांत ठरवल्या गेल्या. क्षुल्लक त्या नाहीत. दोन रुग्णालयांचे आकडे एकमेकांशी बोलू लागायचे असतील तर आधी दोन्हीकडचा रुग्ण सारखाच तहानलेला किंवा सारखाच तृप्त असायला हवा.

सध्याच्या स्थितीत एमआरआय बायोप्सीची जागा घेत नाही. नाकारणी पेशींमुळे आहे की प्रतिपिंडांमुळे, विषाणू आहे की नाही, हे सूक्ष्मदर्शक आणि रक्ताच्या विशेष चाचण्याच सांगतात. ज्या ठिकाणी एमआरआयचा खरा उपयोग संभवतो त्या जागा दोन: संपूर्ण मूत्रपिंडाचा नकाशा पाहून सुई कुठे घालावी हे ठरवणे, आणि त्याच रुग्णाची त्याच यंत्रावर, त्याच पूर्वतयारीने, वर्षावर्षाला पुन्हा तपासणी करून बदल टिपणे. दुसऱ्या उपयोगासाठी प्रत्यारोपणानंतर प्रकृती स्थिरावल्यावर एक आरंभीची तपासणी हाताशी असावी लागते, आणि नेमकी तीच आज बहुतेक ठिकाणी होत नाही, कारण त्या वेळी रुग्ण बरा असतो आणि बऱ्या माणसाच्या अर्ध्यापाऊण तासाच्या तपासणीसाठी यंत्र अडवून ठेवणे व पैसे मोजणे कोणालाच पटत नाही. तालुक्याच्या रुग्णाने त्यासाठी एक दिवसाची मजुरी किंवा शेतातले काम बुडवून नाशिकला जावे, हे सांगण्याआधी त्या चित्रामुळे त्याचे औषध खरोखर बदलणार आहे का, हे दाखवणारे मोठे अभ्यास लागतील.

यंत्रात शिरताना रुग्णाला खिशातले सुटे पैसे, किल्ल्या, घड्याळ आणि कमरेचा करगोटा चांदीचा असेल तर तोही काढून ठेवावा लागतो. मूत्रवाहिनीत बसवलेली तात्पुरती नळी तोवर काढलेली असते. चित्र उभ्या छेदात आणि पुरेसे लांब घेतले तर त्यात ओटीपोटातले नवे मूत्रपिंड ठसठशीत दिसते आणि वर, मणक्यांच्या दोन्ही बाजूंना, रुग्णाची मूळची मूत्रपिंडे आक्रसून मुठीएवढीही न उरलेली दिसतात. वर्षानुवर्षांच्या डायलिसिसनंतर त्यांच्यात पाण्याने भरलेल्या लहान गाठी झालेल्या असतात, आणि पाण्याचा संकेत ठळक करणाऱ्या चित्रात त्या मण्यांसारख्या चकाकतात. त्या बहुधा निरुपद्रवी असतात, क्वचित त्यांच्यातच कर्करोग उगवतो, म्हणून अहवाल लिहिणारा डॉक्टर नव्या मूत्रपिंडाचे आकडे नोंदवून झाल्यावर त्या दोन जुन्या, काम सोडलेल्या मूत्रपिंडांवरूनही एकदा नजर फिरवतो.